हापूसची प्रत : गिऱ्हाईकाचा डोळा आणि गिऱ्हाईकाची जीभ

फळांच्या व्यापारात मालाची परीक्षा दोनदा होते. पहिली परीक्षा बाजारात, डोळ्यांनी होते आणि तिचा निकाल भावाच्या रूपाने लगेच ठरतो. दुसरी परीक्षा काही दिवसांनी गिऱ्हाईकाच्या घरी, ताटावर होते. तिचा निकाल बागेपर्यंत क्वचितच पोहोचतो. ज्या घरी पहिल्या पेटीतील आंबे आंबट निघाले त्या घरी त्या वर्षी दुसरी पेटी जात नाही, एवढेच घडते. कोकणातील बागायतदाराला ते कळण्यास काही मार्ग नसतो. अडत्याकडून येणाऱ्या पट्टीवर केवळ पहिल्या परीक्षेचा भाव लिहिलेला असतो.

याचा परिणाम असा होतो की, ज्या गुणांना पट्टीवर भाव मिळतो त्या गुणांकडेच बागेत लक्ष दिले जाते. फळ मोठे असावे, डाग नसावा, रंग चढावा आणि माल सर्वांच्या आधी बाजारात पोहोचावा, ही धडपड त्यातूनच येते. ती चुकीची आहे असे नव्हे. परंतु हापूसला इतर आंब्यांपेक्षा जो चढा भाव मिळतो तो त्याच्या रूपासाठी मिळत नाही. त्याच्या स्वादासाठी, सुगंधासाठी आणि धागा नसलेल्या घट्ट, मुलायम गरासाठी मिळतो. हे गुण ढळले तर नुसत्या नावावर किती वर्षे भाव टिकेल, हा प्रश्न प्रत्येक बागायतदाराने स्वतःला विचारण्याजोगा आहे. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. चवीला संरक्षण देणारा कायदा मात्र नाही. ते काम बागेतच व्हावयास हवे.

गिऱ्हाईक प्रत कशी ओळखते

घरासाठी आंबे घेणारी गृहिणी पेटी उघडल्यावर प्रथम रंग पाहते. सोनेरी पिवळा रंग आणि उन्हाच्या बाजूच्या खांद्यावर किंचित तांबूस झाक दिसली की तिचे समाधान होते. मग ती एखादे फळ उचलून देठाजवळ वास घेते. हा तिचा निकष रंगापेक्षा अधिक विश्वासाचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या सुगंधाचा बराच अभ्यास झालेला आहे. या सुगंधातील लॅक्टोन व फ्युरॅनोन या वर्गांतील महत्त्वाची द्रव्ये फळ पिकत असतानाच तयार होतात, असे त्यातून दिसून आले. जे फळ नुसते पिवळे झाले पण खऱ्या अर्थाने पिकले नाही, ते म्हणूनच मुके राहते. रंग दिसतो, वास येत नाही.

सुरकुतीविषयी लोकांत एक समजूत रूढ आहे. साल किंचित सुरकुतलेला हापूस गोड असतो असे पुष्कळ लोक मानतात. पूर्ण पिकलेल्या चांगल्या फळाची साल थोडी सैल पडते, तेवढ्यापुरती ती समजूत खरी आहे. परंतु कोवळे उतरविलेले फळही सुरकुतते, किंबहुना अधिक सुरकुतते. त्याची साल पूर्ण तयार झालेली नसते, त्यामुळे आतील पाणी लवकर उडून जाते. सबब, सुरकुतीवरून एकट्याने निर्णय घेता येत नाही.

जिभेचा निर्णय अधिक गुंतागुंतीचा आहे. गोडी ही त्यातील केवळ एक बाजू होय. चांगल्या पिकलेल्या हापूसच्या रसात विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण सुमारे १८ ते २० अंश ब्रिक्स असते आणि ते लहानशा रिफ्रॅक्टोमीटरने बागेतही मोजता येते. तथापि दोन फळांचा ब्रिक्स सारखा असूनही एक गोड व दुसरे आंबट लागू शकते, कारण आम्लाचे प्रमाण निराळे असते. शिवाय गोडी आणि आंबटपणा यांचा मेळ बसला तरी गर लिबलिबीत असेल किंवा कोयीजवळ चिवट लागत असेल, तर खाणारा फोड बाजूला सारतो. पोत हा गुण असा आहे की तो चांगला असताना कोणी त्याचा उल्लेख करीत नाही. बिघडला की प्रथम तोच जाणवतो.

एकच पोत सर्व आंब्यांना शोभत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. पायरीचा गर सैल व रसाळ असतो आणि रसासाठी ती मुद्दाम आणली जाते. रायवळ आंबा धागेदार असला तरी चोखून खाणाऱ्याची त्याबद्दल तक्रार नसते. हापूस मात्र चिरून फोडी करण्यासाठी घेतला जातो. पायरीत जो सैलपणा गुण ठरतो तो हापूसमध्ये दोष ठरतो.

सफरचंदाचा दाखला

डोळ्याच्या परीक्षेला जिभेपेक्षा अधिक मान दिला तर काय होते, याचा एक बोलका दाखला सफरचंदाच्या इतिहासात सापडतो. आपल्या बाजारात हिमाचल प्रदेशातून जे गडद लाल सफरचंद येते त्यातील बराच माल ‘डेलिशस’ कुळातील आहे. हे कूळ मूळचे अमेरिकेतील आयोवा राज्याचे. पेरू नावाच्या गावाजवळ जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत ते झाड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपोआप उगवले. १८९३ साली मिसुरी राज्यातील स्टार्क यांच्या रोपवाटिकेने भरविलेल्या स्पर्धेत या फळाला चवीमुळे मान मिळाला व त्याचे ‘डेलिशस’, म्हणजे रुचकर, हे नावही चवीवरूनच पडले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात सत्यानंद स्टोक्स यांनी ते हिमाचलमधील कोटगढ भागात आणले.

मूळ फळ संपूर्ण लाल नव्हते. त्यावर लाल रेघा होत्या. पुढे एखाद्या झाडाच्या एखाद्या फांदीवर आपोआप अधिक लाल फळे धरू लागली की बागायतदार त्या फांदीच्या कलमांची निवड करू लागले. बाजारात लाल फळाला भाव अधिक होता, म्हणून ही निवड पुनःपुन्हा झाली. होता होता फळ पूर्ण पिकण्याच्या आधीच गडद लाल दिसू लागले, आणि रंग आला म्हणून ते लवकर उतरविले जाऊ लागले. साल जाड व कडवट झाली, साठवणीतून निघालेला गर भुसभुशीत लागू लागला. गिऱ्हाईक कितीतरी वर्षे रंगाला भुलले, पण कायमचे भुलले नाही. ज्या फळाने अनेक दशके अमेरिकेच्या बाजारावर राज्य केले त्याला २०१८ च्या सुमारास उत्पादनात ‘गाला’ या जातीने मागे टाकले. दुसरीकडे मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ साली प्रसारित केलेले ‘हनीक्रिस्प’ हे सफरचंद रंगाने एकसारखे नसूनही चढ्या भावाने खपू लागले, ते मुख्यतः त्याच्या करकरीत, रसाळ पोतामुळे.

भुसभुशीत सफरचंद कोरडे लागते, पण त्यात रस कमी असतोच असे नाही. गर सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. करकरीत फळात दात बसला की पेशी फुटतात व रस तोंडात उतरतो. भुसभुशीत फळात पेशींना जोडणारा पदार्थ सैल झालेला असतो. चावताना पेशी न फुटता एकमेकींपासून सुटतात, त्यांतील रस आतच राहतो आणि जिभेला पीठ लागते. म्हणजे पोत बिघडला की असलेला रसही गिऱ्हाईकाच्या लेखी नसल्यासारखा होतो.

चौदा आणे

हापूसच्या बाबतीत रंगाची जागा मोसमाच्या घाईने घेतली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्या पेट्यांना जो भाव मिळतो तो मे महिन्यात मिळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात अवकाळी पावसाची भीती, वानरांचा उपद्रव, चोरी आणि डोक्यावरचे कर्ज यांची भर पडते. ज्यांनी बाग कराराने दुसऱ्याकडे दिली आहे त्यांच्या बागेत तर तोडणीचा दिवस मालकाच्या हाती राहतच नाही. करार घेणाऱ्याला पुढील दहा वर्षांच्या गिऱ्हाइकाची चिंता कमी आणि चालू हंगामाची अधिक असते. ही कारणे खोटी नाहीत. परंतु फळाचे शास्त्र यांपैकी कोणत्याही कारणाची दखल घेत नाही.

झाडावर असताना आंबा आपल्या गरात स्टार्च साठवितो. पिकताना त्याच स्टार्चची साखर होते. फळ झाडापासून तुटले की ही साठवण थांबते. अढीत, रायपनिंग चेंबरमध्ये किंवा गिऱ्हाईकाच्या घरी नवे स्टार्च येत नाही. सबब फळ किती गोड होणार याची मर्यादा तोडणीच्या क्षणी कायमची ठरून जाते. कोवळे फळ पिवळे करता येईल, मऊ करता येईल. त्याला गोड मात्र करता येणार नाही.

फळधारणेपासून साडेतीन ते चार महिन्यांत हापूस तयार होतो. कोकणातील जुने जाणकार तयारी आण्यांत सांगतात. दशमान नाणी १९५७ साली आली आणि आणे व्यवहारातून गेले, पण आंब्याच्या बागेत ते अजून चालतात. सोळा आणे म्हणजे झाडावर पाडाला लागलेले फळ. तोडणीस योग्य ते चौदा आणे, म्हणजे सुमारे ८५ टक्के तयार झालेले. अशा फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात व देठाशी खळगी पडते. गाल भरलेले दिसतात. सालीचा गडद हिरवा रंग उतरून तो फिकट, किंचित पिवळसर झालेला असतो. एखादे फळ कापून पाहिल्यास कोय कठीण लागते आणि तिच्या भोवतीचा गर पिवळा होऊ लागलेला असतो.

येथे कोकणच्या हवामानाने एक अडचण उभी केली आहे. हापूसला मोहोर एकदम येत नाही. थंडी जशी येते-जाते तसा तो दोन-तीन वेळा फुटतो. त्यामुळे एकाच झाडावर एकाच दिवशी दहा आणे, चौदा आणे आणि सोळा आणे अशी तिन्ही प्रकारची फळे लटकत असतात. मजुरी वाचविण्यासाठी झाड एकदम उतरविले तर ही सर्व फळे एकाच पेटीत जातात. एकाच डझनातील चार आंबे अमृतासारखे आणि चार आंबट, ही जी शहरातील गिऱ्हाईकाची नेहमीची तक्रार, तिचे मूळ बहुधा येथे आहे. तिला वाटते, दुकानदाराने भेसळ केली. प्रत्यक्षात भेसळ झाडाखालीच झालेली असते. दोन-तीन फेऱ्यांत निवडून तोडणी करण्याचा खर्च अधिक येतो हे खरे. तथापि ज्याला आपल्या नावाने माल विकावयाचा आहे त्याला दुसरा मार्ग नाही.

डोळ्यांनी निवड केल्यावर पाण्याची परीक्षा घ्यावी. कोवळे हापूस साध्या पाण्यात तरंगतात, तयार फळे बुडतात. नंतर १० लिटर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवून अडीच टक्क्यांचे द्रावण करावे आणि बुडालेली फळे त्यात सोडावी. या द्रावणात जी तरंगतात ती चौदा आण्यांची समजावी. जी येथेही बुडतात ती अधिक तयार झालेली असतात. त्यांत साका निघण्याचा संभव अधिक. ती लांब न पाठविता जवळच्या बाजारात लवकर विकावी. पाण्यात तरंगलेली कोवळी फळे लोणच्याकडे किंवा पन्ह्याकडे वळवावी.

साका

कोवळ्या फळाच्या भीतीने तोडणी फार लांबविली तरी गिऱ्हाईक फसतेच, कारण मग साका येतो. वरून निर्दोष, सुवासिक, सोनेरी दिसणारे फळ चिरले की आत कोयीजवळ गराचा काही भाग पांढुरका, स्पंजासारखा, आंबट व बेचव निघतो. १९३४ साली चीमा व दाणी यांनी या विकृतीची शास्त्रीय नोंद केली. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी तो दोष बाहेरून नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याची युक्ती हाती आलेली नाही. म्हणूनच साका हा गिऱ्हाईकाचा सर्वांत अधिक विश्वासघात करणारा दोष होय. डाग असलेले फळ ते निदान पाहून घेते.

साका कशाने येतो यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. जमिनीवरून परावर्तित होणारी उष्णता हे एक कारण मानले जाते. झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन केल्याने साक्याचे प्रमाण घटते असे आढळले आहे. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतील अभ्यासाने दुसरे कारण पुढे आणले. फळ झाडावर फार काळ राहिले की आतील बी रुजण्याच्या तयारीस लागते आणि त्याचा परिणाम भोवतीच्या गरावर होतो. मोठ्या फळांत साका अधिक आढळतो, ही गोष्टही विसरू नये. बाजार नेमका मोठ्या फळालाच अधिक भाव देतो. यांवरून बागेतील उपाय स्पष्ट होतात. चौदा आण्यांवर तोडणी करावी, ती सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करावी, उतरविलेली फळे क्षणभरही उन्हात ठेवू नयेत आणि झाडाखालची जमीन उघडी राहू देऊ नये.

वेंगुर्ले येथील फळसंशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून निर्माण केलेली ‘रत्ना’ ही जात १९८१ साली प्रसारित झाली. तीत साका होत नाही. तरीही बाजारात गिऱ्हाईक नाव विचारते ते हापूसचेच. नवीन बाग लावणाऱ्याने काही झाडे रत्नाची लावून पाहण्यास हरकत नाही.

तोडणीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेला नूतन झेला वापरावा. त्याने फळ देठासह येते, चीक सालीवर ओघळत नाही आणि काळे डाग पडत नाहीत. येथे डोळा आणि जीभ या दोहोंचे हित एकच आहे.

पिकविणे

भाताच्या पेंढ्यातील अढीत तयार हापूस साधारणतः ८ ते १२ दिवसांत पिकतो. घाई असल्यास इथिलीन वायूचा उपयोग रीतसर चेंबरमध्ये करता येतो. २०१६ पासून त्यास १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडचा वापर कायद्याने निषिद्ध आहे व आरोग्यास अपायकारक आहे. कार्बाइडचा मोह मुळात कोवळ्या फळांमुळे होतो, कारण ती अढीत नीट पिकत नाहीत. कच्चे फळ फार थंड जागी ठेवू नये. सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली सालीवर चट्टे पडतात व पुढे ते एकसारखे पिकत नाही.

दुसऱ्या परीक्षेचा निकाल बागेपर्यंत आणण्याचा एक स्वस्त उपाय आहे. पेटीत छापील चिठ्ठी घालावी. तीवर तोडणीची तारीख, फळे कोणत्या तारखेच्या सुमारास खाण्यास योग्य होतील तो दिवस आणि बागायतदाराचा दूरध्वनी क्रमांक द्यावा. २०२० साली टाळेबंदीत बाजार विस्कळीत झाले तेव्हा कित्येक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांत थेट पेट्या पोहोचविल्या. अशा विक्रीत खाणाऱ्याची तक्रार मधल्या कोणाच्या हाती न पडता थेट बागेत येते. तक्रार ऐकणे सुखाचे नसते, पण पट्टीवर न लिहिलेला निकाल तिच्याशिवाय कळत नाही.

चाखणीचा प्रयोग

एवढे सर्व व्याख्यानाने सांगून फारसा उपयोग होत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एप्रिल महिन्यात पुढील प्रयोग गावात करून दाखवावा. त्यास खर्च नाही.

एक झाड निवडावे. त्यावरील कोवळ्या फळांना निळा, चौदा आण्यांच्या फळांना पिवळा व पाडाला आलेल्या फळांना तांबडा दोरा बांधावा. प्रत्येक प्रकारची दोन डझन फळे घ्यावी. कोवळी फळे पिकण्यास अधिक दिवस घेतात, म्हणून ती तीन-चार दिवस आधी उतरवावी. पाडाची फळे शेवटी उतरवावी, म्हणजे तिन्ही ढीग एकाच सुमारास पिकतील. तिन्ही अढ्या वेगळ्या ठेवाव्या.

फळे पिकल्यावर गावातील १० ते १२ माणसांना शाळेत बोलवावे. घरचा बाजार करणाऱ्या स्त्रिया आणि वृद्ध माणसे त्यांत अवश्य असावी. केवळ बागायतदार बोलावले तर ते झाड ओळखून मत देतील. प्रथम दोरे काढून तिन्ही प्रकारची अखंड फळे टेबलावर मांडावी आणि प्रत्येकाने नुसते पाहून कोणता ढीग विकत घेईल ते चिठ्ठीवर लिहावे. नंतर पडद्याआड फळे सोलून सारख्या आकाराच्या फोडी कराव्या, म्हणजे सालीवरून ओळख पटणार नाही. ताटल्यांवर केवळ क्रमांक घालावा. प्रत्येकाला ताटल्या निराळ्या क्रमाने द्याव्या, मध्ये पाण्याची चूळ भरावयास सांगावे आणि चाखताना कोणी मोठ्याने मत बोलू नये. प्रश्न एकच विचारावा : यांपैकी कोणता आंबा पुन्हा विकत घ्याल?

डोळ्याच्या चिठ्ठ्या आणि जिभेच्या चिठ्ठ्या मोजून त्यांचे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी मांडावे. मगच क्रमांक उघड करावे. झाडाची खूण, प्रत्येक प्रकाराच्या तोडणीची तारीख व पाण्याच्या परीक्षेचा निकाल वहीत नोंदवून ठेवावा, म्हणजे पुढील वर्षी त्याच झाडावर प्रयोग पुन्हा करता येईल. ज्या फळांत साका निघेल ती चाखणीतून वगळावी. मात्र प्रत्येक ढिगात ती किती निघाली तो आकडाही त्याच फळ्यावर लिहावा.